मूळ कारणाचा रकाना

फिलिपिन्समध्ये कुठलीही पदवी घ्या, इंजिनिअरिंगची, अकाउंट्सची किंवा डॉक्टरकीच्या आधीची, होजे रिझाल नावाच्या माणसाचं चरित्र आणि त्याच्या दोन कादंबऱ्या शिकल्याशिवाय ती हातात पडत नाही. तसा कायदाच आहे, १९५६ चा. क्लारो रेक्तो या सिनेटरनं त्यासाठी जिवाचं रान केलं तेव्हा कॅथलिक चर्चनं कडाडून विरोध केला होता, कारण या कादंबऱ्यांतले खलनायक बहुतेक पाद्री आहेत. शेवटी तडजोड झाली. ज्याच्या श्रद्धेला ही पुस्तकं मानवत नाहीत त्यानं शपथेवर लेखी सूट मागावी, विषय मात्र त्यानंही शिकावा. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेच्या नादात दोन वर्षं इतिहासाचं एक पान वाचलं नव्हतं, आणि आता परक्या देशाचा इतिहास, तोही कादंबरीतून.

माझा हा विषय अर्ध्याहून जास्त उदगीरच्या घरात झाला. माझं कॉलेज फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात. कोविडमुळे वर्ग ऑनलाइन होते आणि दावाओचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून तिथला आठचा तास आमच्याकडे पहाटे साडेपाचला. मी स्वेटर घालून लॅपटॉपसमोर, आणि बाजूला आजी चहाची वाट बघत.

एकदा आजीनं विचारलं, "कोण म्हनायचा हा रिझाल?"

"डोळ्याचा डॉक्टर होता. गोळ्या घातल्या त्याला."

"का गं?"

"पुस्तक लिहिलं म्हणून."

आजी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आन् तुला तेच शिकवायलेत?"

रिझालचा जन्म १८६१ चा, मनिलाजवळच्या कालांबा गावचा. आईची दृष्टी जात चाललेली म्हणून तो नेत्रवैद्यक शिकला, पॅरिस आणि हायडेलबर्गला नामांकित नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली उमेदवारी केली, आणि पुढे आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया स्वतःच्या हातानं केली. तेव्हा फिलिपिन्सवर राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारनं त्याला चार वर्षं हद्दपार करून ठेवलं ते इथंच, दावाओ ज्या बेटावर आहे त्या मिंदानाओवरच्या दापितानला. तिथं त्यानं दवाखाना चालवला, मुलांसाठी शाळा काढली, गावाला नळानं पाणी आणलं. ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

हे सगळं बहुपर्यायी प्रश्नांसाठी उत्तम. तारखा पाठ करण्यात आम्हा लातूर पॅटर्नच्या मुलांचा हात कोण धरणार! पण पहिल्या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेपाशी मी अडखळले. 'नोली मी तांगेरे' १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली. अर्पणपत्रिकेत रिझाल मायदेशाला म्हणतो की तुझ्या अंगात एक कर्करोग आहे, नुसता हात लागला तरी ठणकणारा. प्राचीन काळी लोक रोग्याला देवळाच्या पायऱ्यांवर आणून ठेवत, म्हणजे येणारा-जाणारा काहीतरी उपाय सुचवेल. मीही तुला तसंच ठेवतो आहे. डॉक्टरनं लिहिलेली कादंबरी अशी सुरू होते हे मला फार आवडलं. औषध काय द्यायचं ते तो सांगत नाही, आधी कपडा बाजूला करून जखम बघा म्हणतो.

दुसरी कादंबरी, 'एल फिलिबुस्तेरिस्मो', १८९१ ची. तिच्यातला पदार्थविज्ञानाच्या तासाचा प्रसंग मी आजवर किती जणांना सांगितला असेल याचा हिशेब नाही. मनिलाचं विद्यापीठ. वर्गात दोनशेहून जास्त मुलं. भिंतीलगतच्या काचेच्या कपाटांत परदेशातून आणलेली चकचकीत उपकरणं, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी. शिकवणारा पाद्री पोरांना धडा घोकून म्हणायला लावतो, अडखळला की सगळ्यांसमोर टिंगल करतो, गैरहजेरीच्या खुणा टाकतो. प्लासिदो पेनितेन्ते नावाचा एक हुशार मुलगा शेवटी उठून उलट उत्तर देतो आणि चालता होतो.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझं ज्युनिअर कॉलेज होतं. नाव नको. प्रवेश कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये, आणि प्रयोगशाळा वर्षातून मोजक्या वेळा उघडणारी. प्रॅक्टिकलची वही आम्ही मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीवरून उतरवून काढली होती, निरीक्षणांतल्या दशांश चिन्हांसकट. टायट्रेशनचा रंग कधी बदलतो यावरचे शेकडो प्रश्न मी अचूक सोडवले आहेत. तो रंग बदलताना पहिल्यांदा पाहिला तो दावाओत. स्पॅनिश पाद्र्यांना आपल्या प्रजेनं शिकू नये असं वाटत होतं, हे मी समजू शकते, त्यांचा त्यात स्वार्थ होता. आमच्याकडे कपाटाला कुलूप घालायला कुणी परका आलाच नव्हता. पालक पैसे भरत होते, संस्था खूश होती, निकाल लागत होता.

याच कादंबरीत बासिलिओ आहे. पहिल्या कादंबरीतल्या वेड्या झालेल्या सिसाचा मुलगा, आता मोठा होऊन वैद्यकीचं शिक्षण संपवत आलेला. विद्यार्थ्यांनी बंडखोर पत्रकं लावल्याचा आळ येतो, धरपकड होते. त्याचा पत्रकांशी काही संबंध नसतो. ज्यांच्या मागं काका-मामा उभे असतात ते एकेक करून सुटतात. बासिलिओच्या वतीनं बोलणारं कुणीच उरलेलं नसतं, म्हणून तो तुरुंगात राहतो आणि त्याची पदवी हुकते. वशिला म्हणजे काय हे मला उदगीरमध्ये कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वर्गात एक गोष्ट मात्र पटकन उरकली गेली. १२ डिसेंबर १८८८ ला मालोलोस गावच्या २० तरुणींनी थेट गव्हर्नर-जनरलच्या हातात अर्ज दिला की आम्हाला स्पॅनिश शिकायला रात्रशाळा काढू द्या. गावच्या पाद्र्यानं आधी हाणून पाडलं, मग बऱ्याच खटपटींनंतर परवानगी मिळाली, ती रात्रीऐवजी दिवसा शाळा भरवायची आणि खर्च बायकांनीच करायचा, अशा अटींवर. शाळा काही महिनेच टिकली. रिझालनं युरोपातून त्यांना तागालोगमध्ये लांबलचक पत्र लिहिलं, ते परीक्षेत येतं. मुलींची नावं येत नाहीत. ज्या मुलीनं चौथीत ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषण केलं आहे तिला या २० जणींजवळ थांबावंसं वाटणारच. पण स्लाइड पुढं गेली होती.

पुढं म्हणजे कुठं? तर रिझालच्या मृत्यूपर्यंत. तिथं विषय संपला, परीक्षा झाली, मला चांगले गुण पडले. त्यानंतरच्या इतिहासाची मला जी काही ओळख झाली ती बहुतेक या वर्गाबाहेर.

आंद्रेस बोनिफासिओचंच घ्या. तोन्दो वस्तीतला गरीब घरचा माणूस, १८९२ मध्ये स्पेनविरुद्ध उठावासाठी कातिपुनान ही गुप्त संघटना काढणारा. रिझालला स्पॅनिशांनी मारलं. बोनिफासिओला १० मे १८९७ ला त्याच्याच क्रांतीच्या सरकारनं, आगिनाल्दो या दुसऱ्या नेत्याच्या गटानं, खटला चालवून मारलं. आम्हाला यावर अर्धी स्लाइड होती. रेनातो कॉन्स्तान्तिनो या इतिहासकारानं १९६९ मध्येच खडसावून विचारलं होतं की रिझालला सर्वोच्च राष्ट्रपुरुष कुणी केलं. त्याचा रोख अमेरिकनांवर होता: सशस्त्र उठावाला नकार देणारा, आणि आधीच मेलेला नायक त्यांना सोयीचा होता.

अमेरिकन आले कसे हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे. १२ जून १८९८ ला फिलिपिनोंनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि त्याच डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेननं ही बेटं दोन कोटी डॉलर्स घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. मग युद्ध. हिंसा, उपासमार आणि रोगराई मिळून दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं गेली असं आज अमेरिकेचं सरकारी लिखाणही मान्य करतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केली होती, गुलामांची मुक्तता केली म्हणून. तोच देश पंचवीस वर्षांनी इथं मालक होऊन उतरला. आणि १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे ५०० शिक्षक घेऊन आला. स्पेननं जी भाषा द्यायला तीन शतकं टाळाटाळ केली तिच्या जागी अमेरिकेनं आपली भाषा गावोगाव फुकट वाटली. मी आज इंग्रजीतून वैद्यक शिकते आहे ती या शिक्षकांची कृपा. एजंटनं पप्पांना आमच्या कृषी सेवा केंद्रात बसून सांगितलं होतं, "शिक्षण इंग्रजीत, हवा आपल्यासारखी, जेवायला भात." युद्धाचं काही बोलला नव्हता.

मी दावाओत उतरले २०२२ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत. ९ मे ला फर्डिनांड मार्कोस ज्युनिअर तीन कोटींहून जास्त मतं मिळवून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. यांच्या वडिलांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा लावला, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत लाखो लोक मनिलाच्या रस्त्यावर उतरले तेव्हा ते देश सोडून पळाले. त्यांच्या राजवटीतल्या छळाची भरपाई द्यायला नेमलेल्या सरकारी मंडळानं ११,१०३ जणांना अधिकृतपणे पीडित मानलं आहे. निकालाच्या संध्याकाळी आमची घरमालकीण पान्सितच्या शेवया परतत होती आणि मार्कोसच्या काळात तांदूळ किती स्वस्त होता ते सांगत होती. तिच्या नातवाला टिकटॉकवर तेच दिसत होतं. तिचंही कॉलेज झालेलं, म्हणजे कायद्यानं तीही रिझाल शिकलेली. रिझालच्या कादंबरीतल्या खलनायक पाद्री दामासोला शिव्या घालायला सगळे एका पायावर तयार, कारण तो गेला.

आता दावाओबद्दल. हे रोद्रिगो दुतेर्तेंचं शहर. वीस वर्षांहून जास्त काळ ते इथले महापौर, मग २०१६ ते २०२२ राष्ट्राध्यक्ष. रस्त्यात सिगारेट ओढली तर दंड, फटाके बंद, रात्री उशिरा जीपनीनं, म्हणजे इथल्या शेअर जीपनं, मुली एकट्या घरी जातात. मीही जाते. पप्पांना व्हिडिओ कॉलवर रस्ता दाखवते तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडतो. ही शिस्त मला हवीहवीशी वाटते हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. त्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत सहा हजारांहून जास्त माणसं पोलिसांच्या कारवाईत मेली, हा सरकारचा आकडा. मानवी हक्क संघटना तो कितीतरी मोठा सांगतात. मेलेले बहुतेक गरीब वस्त्यांतले.

११ मार्च २०२५ ला दुतेर्ते हाँगकाँगहून मनिला विमानतळावर उतरले आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर त्यांना अटक झाली. त्याच दिवशी विमानानं हेगला रवानगी. इथं आमच्या वर्गात काही मुलं रडत होती. काही मान खाली घालून फोन बघत होती, आणि ती कशासाठी गप्प आहेत हे ओळखू येत नव्हतं. सरांनी हजेरी घेतली आणि किडनीपासून सुरुवात केली. मे महिन्यात दावाओनं हेगच्या कोठडीत असलेल्या दुतेर्तेंना पुन्हा महापौर निवडून दिलं.

हजेरीवरून आठवलं. इथली निम्मी आडनावं स्पॅनिश, पण त्यांचा स्पॅनिश रक्ताशी बहुधा काडीचा संबंध नसतो. क्लावेरिया नावाच्या गव्हर्नरनं १८४९ मध्ये करवसुली सोपी व्हावी म्हणून आडनावांची यादी छापून गावोगाव वाटली, त्यातलं एकेक उचलायचं. काही गावांना यादीचं एखादंच पान मिळालं, तिथं सगळ्या गावाची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात. आडनाव ऐकलं की मनातल्या मनात जात काढायची जी सवय आपल्याला असते तिला इथं काही कामच उरत नाही. पहिले काही महिने मला चुकल्यासारखं व्हायचं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण व्हायचं.

आता मी क्लार्कशिपमध्ये आहे, म्हणजे वॉर्डातली सगळी हमाली. रुग्ण बिसाया बोलतात, केसपेपर इंग्रजीत, आणि मधे आम्ही. प्रत्येक खाटेजवळ एक 'बान्ताय' असतो, सोबतीचा नातेवाईक, कारण औषध बाहेरून आणायला, नमुना लॅबला पोचवायला, रात्री सलाईन संपलं की हाक मारायला माणूस लागतो. नर्स फार कमी आणि कामाला वाघ. सोबतच्या जवळजवळ प्रत्येक नर्सच्या पिशवीत कुठल्या ना कुठल्या परदेशी परीक्षेचं पुस्तक आहे. या देशानं नर्स बाहेर पाठवायचं तंत्रच उभं केलं आहे: १९४८ पासून नर्सना प्रशिक्षणाला नेणारी अमेरिकेची विनिमय योजना, १९७४ मध्ये थोरल्या मार्कोसनं कामगार कायद्यात घातलेली परदेशी नोकऱ्यांची व्यवस्था. २०२० मध्ये अमेरिकेत कोविडनं मेलेल्या नर्सपैकी जवळजवळ एकतृतीयांश फिलिपिनो होत्या, आणि तिथल्या एकूण नर्समध्ये त्या चार टक्के. त्यांच्यावर परदेशी जातेस म्हणून कोण रागावणार? मी तरी नाही. मीही उदगीर सोडूनच इथं आले आहे.

बिलाच्या खिडकीशी दुसरी रांग असते. हातात राजकारण्याच्या कचेरीचं हमीपत्र असलं की बिलातले पैसे सरकारी निधीतून वळते होतात. पैसा जनतेचा, सही साहेबांची. आपल्याकडं आमदाराचं पत्र घेऊन फिरणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळं ही रांग मला समजावून घ्यावी लागली नाही. पत्रासाठी तीन दिवस हेलपाटे घालणारा बान्ताय पुढच्या निवडणुकीत कुणाला मत देणार, हेही कुणी सांगायला नको.

न्यायवैद्यकाच्या तासाला आम्हाला मृत्यूचा दाखला भरायला शिकवला. कारणांना तीन रकाने: तात्कालिक, त्याआधीचं, आणि मूळ. मॅडमनी बजावलं होतं की तात्कालिक कारणात 'हृदय व श्वसन बंद पडलं' असं लिहाल तर दाखला परत येईल. मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय थांबलेलंच असतं, ते का थांबलं ते लिहा. मूळ कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही.

त्याच तासाला डॉ. राकेल फॉर्तुन यांचं काम कळलं. मनिलाच्या या न्यायवैद्यक तज्ज्ञ बाईंनी अमली पदार्थविरोधी मोहिमेत मारल्या गेलेल्यांचे सांगाडे पुन्हा तपासले. गरिबांच्या दफनभूमीतल्या भाड्याच्या कप्प्यांची मुदत संपली की अवशेष बाहेर काढावे लागतात, तेव्हा एका पाद्र्याच्या पुढाकारानं कुटुंबांनी ते त्यांच्याकडं आणले. २०२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: गोळ्यांच्या स्पष्ट खुणा असलेल्या काही माणसांच्या दाखल्यांवर मृत्यू नैसर्गिक लिहिलेला होता. न्यूमोनिया वगैरे. कुणीतरी डॉक्टरनं तो रकाना भरला होता, खाली सही केली होती. कुटुंबांनीही बहुधा तो मुकाट घेतला असणार, कारण तसं लिहून घेतलं की शवविच्छेदनाचा खर्च टळतो आणि मयत लवकर ताब्यात मिळतं.

त्या दिवसापासून रिझालचा अभ्यासक्रम मला वेगळा दिसायला लागला. १८९६ पर्यंतचा प्रत्येक मृत्यू आम्हाला मूळ कारणासकट शिकवला होता. बोनिफासिओपासून पुढं सगळ्यांचं हृदय थांबत गेलं. आणि माझ्या शाळेचा इतिहासही १९४७ च्या आसपास असाच दम टाकायचा, त्यानंतर पंचवार्षिक योजना आणि धरणं.

परवा पप्पांशी बोलताना दुतेर्तेंचा विषय निघाला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पप्पा म्हणाले, "काही म्हण, असा माणूस पाहिजे आपल्याकडं. मुंबईत ते एन्काउंटरवाले होते तेव्हा गुंड टरकून होते." मी त्यांना फॉर्तुन बाईंचं सांगितलं, न्यूमोनियाचं, सहीचं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "ह्ये तू तिथं कुणाशी बोलत नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "परदेशी माणसांना राजकारणात पडायला मनाई आहे इथं."

"मग इथं आल्यावर बोलशील का?"

तेवढ्यात दुकानात कुणीतरी सोयाबीनचं बियाणं मागायला आलं आणि पप्पांनी फोन गल्ल्यावर उताणा ठेवला. छताचा पंखा दिसत होता, आणि उधारी मागणाऱ्याशी चाललेली त्यांची घासाघीस मी ड्युटीची वेळ होईपर्यंत ऐकत बसले.